एक नायक म्हणजे चार माणसे: गेममधल्या लेव्हलची कुळकथा

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूच्या नावाशेजारी दिसणारा आकडा म्हणजे त्याची लेव्हल. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हा आकडा २००४ साली ६०वर थांबायचा. २०१८मध्ये तो १२०पर्यंत चढला आणि २०२०मध्ये एका फटक्यात ५०वर उतरवला गेला. हे चढउतार घडवले ते मासिक वर्गणीने आणि विकतच्या एक्स्पान्शनने, म्हणजे मूळ गेमला जोडल्या जाणाऱ्या नव्या भागांनी. आकडा मात्र त्या दोन्हींहून जुना आहे. तो जन्मला टेबलावर मांडलेल्या सैनिकांच्या बाहुल्यांत, आणि तिथे ती चक्क माणसांची मोजदाद होती.

अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांची ‘चेनमेल’ ही नियमपुस्तिका निघाली. मध्ययुगीन लढाया छोट्या बाहुल्यांनी कशा खेळाव्यात, हा तिचा विषय. शेवटी ड्रॅगन, जादूगार अशा मंडळींसाठी एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात ‘हिरो’ नावाची बाहुली येते. ती चार सैनिकांइतकी लढते, आणि तिला मारायचे तर चार प्राणघातक घाव एकाच वेळी बसावे लागतात. ‘सुपरहिरो’ याच्या दुप्पट, म्हणजे आठ सैनिकांइतका.

तीन वर्षांनी, १९७४मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यात लढवय्याच्या प्रत्येक लेव्हलला एक पदवी आहे. पहिली ‘व्हेटरन’, दुसरी ‘वॉरियर’, तिसरी ‘स्वोर्ड्समन’. चौथी काय? ‘हिरो’. आणि आठवी ‘सुपरहिरो’. त्याच तक्त्यात लढण्याची ताकद ‘दोन माणसे’, ‘तीन माणसे’ अशी माणसांतच लिहिलेली आहे. आधी चार आणि आठ हे दोन खांब होते. शिडी नंतर त्यांच्यामध्ये आणि वर बांधली गेली.

यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला तळघराचा. या खेळातले भुयार मजल्यामजल्यांचे असते, मजल्यालाही लेव्हलच म्हणतात आणि जितके खोल जावे तितके राक्षस भयंकर. तेव्हा खेळाडूची लेव्हल या मजल्यांवरूनच आली असावी, असा हा तर्क. त्याला आधारही चांगला आहे. १९७४च्या नियमांत आठव्या लेव्हलचा जादूगार पाचव्या मजल्यावर भटकत असेल तर त्याला अनुभवाचे गुण पाचअष्टमांशच मिळतात. मजला आणि माणूस एकाच मापाने मोजले जात होते, हे यावरून उघड दिसते.  पण मजल्यांवरून फार तर नाव आले असेल. ‘हिरो’ नेमका चौथ्या आणि ‘सुपरहिरो’ नेमका आठव्या पायरीवर का, याचे उत्तर भुयारात सापडत नाही. ते ‘चेनमेल’मध्येच आहे.

दुसरा आक्षेप लष्करी हुद्द्यांचा. पदव्या हुद्द्यांसारख्या वाटतात हे खरे. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये गायगॅक्सने स्वतः सांगितले आहे की खेळाडूसाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’ आणि राक्षसासाठी ‘ऑर्डर’ असे वेगळे शब्द वापरण्याचा विचार झाला होता, पण लेव्हल रुळलेली असल्यामुळे तीच राहिली. म्हणजे हुद्द्याची कल्पना पुढे सुचलेली दुरुस्ती होती. शिवाय हुद्द्याने माणसाचा अधिकार वाढतो; इथे वाढले ते एका अंगातले माणसांचे बळ.

शिडीबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि पुढचा सगळा व्यापार तिच्यावर उभा राहिला. लढवय्याला हिरो व्हायला ८,००० गुण लागत आणि सुपरहिरो व्हायला १,२०,०००. बळ दुप्पट, मेहनत पंधरापट. मित्रांच्या बैठकीत हे चालून जाई, कारण तिथे वेळेचे पैसे कोणी मागत नव्हते.

इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८पासून घडवलेल्या ‘मड’ या अनेकांनी मिळून खेळायच्या गेममधून ही शिडी नेटवर्कवर पोहोचली. वेळेचे पैसे अमेरिकेत लागू लागले. कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवरच्या ‘आयलंड ऑफ केस्माय’ या गेमला १९८५मध्ये ३०० बॉड वेगाच्या जोडणीवर तासाला ६ डॉलर पडत, १२०० बॉडवर १२. अशा दरात पंधरापट मेहनत म्हणजे पंधरापट बिल. १९९६च्या ‘मेरिडियन ५९’ने आणि पाठोपाठ ‘अल्टिमा ऑनलाइन’ने महिन्याला सुमारे दहा डॉलरची ठोक वर्गणी आणली. आता खेळाडू तास किती घालवतो याने कंपनीची कमाई वाढत नव्हती. तो महिने किती टिकतो यालाच किंमत आली. शिडी संपली की खेळाडू जाणार. म्हणून शिडी लांबवायची आणि लांबवण्याचेही पैसे घ्यायचे. ‘एव्हरक्वेस्ट’ १९९९मध्ये आला. २०००च्या ‘रुइन्स ऑफ कुनार्क’ एक्स्पान्शनने त्याची लेव्हलची मर्यादा ५०वरून ६०वर नेली. हा नमुना मग रूढच झाला.

त्याची झळ कशी लागे, हे जानेवारी २००७मध्ये दिसले. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये चाळीस जणांनी एकत्र येऊन, महिनोन्‌महिने एकेका राक्षसाला हरवून जांभळ्या नावाची ‘एपिक’ शस्त्रे मिळवलेली होती. ‘द बर्निंग क्रुसेड’ आले, खेळाडू हेलफायर पेनिन्सुला या पहिल्याच प्रदेशात उतरले, आणि तिथल्या साध्या कामगिरीवर मिळणाऱ्या हिरव्या नावाच्या, म्हणजे कमी दर्जाच्या, वस्तू त्यांतल्या बऱ्याच शस्त्रांवर मात करू लागल्या. मागे राहिलेला जुना प्रदेश ओस पडला. प्रत्येक एक्स्पान्शनबरोबर नव्या गिऱ्हाइकाला चढायची शिडी आणखी उंच झाली, इतकी की २०१४मध्ये खुद्द कंपनीच थेट ९०व्या लेव्हलला नेणारा ‘बूस्ट’ ६० डॉलरला विकू लागली.

लेव्हल स्केलिंग, म्हणजे खेळाडू आणि जग यांच्या लेव्हल आपोआप जुळवणे, या कोंडीतूनच आले. प्रचलित स्पष्टीकरण वेगळे आहे: वेगवेगळ्या लेव्हलच्या मित्रांना एकत्र खेळता यावे म्हणून. त्या बाजूचा पुरावा म्हणजे ‘सिटी ऑफ हिरोज’. २००४च्या या गेममध्ये नवखा खेळाडू मुरलेल्याचा ‘साइडकिक’ बनला की त्याच्या जवळपासच्या लेव्हलला पोहोचायचा. पण तिथे बदलायचा तो माणूस, तोही मित्राच्या आसपास असेपर्यंत. जग जागचे हलत नव्हते. सगळे जगच प्रत्येक लेव्हलला खुले करण्यामागे विक्रीचे गणित होते. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने मार्च २०१५मध्ये वर्गणीची सक्ती उठवली आणि सुटे प्रदेश विकायला काढले. ऑक्टोबर २०१६च्या ‘वन टॅमरिएल’ने सारे जग कोणत्याही लेव्हलच्या खेळाडूला खेळण्याजोगे केले. कोणताही प्रदेश कुणालाही, कोणत्याही क्रमाने विकायचा, तर दारावर लेव्हलची अट ठेवून भागत नाही.

‘गिल्ड वॉर्स’ची मालिका हेच उलट बाजूने दाखवते. तिला मासिक वर्गणी कधीच नव्हती. पहिल्या गेमची मर्यादा सगळ्या विकतच्या भागांतून २०च राहिली. दुसऱ्याची २०१२पासून ८०च आहे, आणि तिथे पहिल्या दिवसापासून बलाढ्य खेळाडू सोप्या प्रदेशात शिरला की त्याचे बळ आपोआप उतरते. महिन्याचे पैसे नसल्याने शिडी लांबवण्याची गरज नव्हती. जुना माल टवटवीत ठेवण्याची मात्र होती.

‘वॉरक्राफ्ट’ने २०१६च्या ‘लीजन’मध्ये सर्वांत टोकाची युक्ती केली. शेजारी उभ्या असलेल्या दोन खेळाडूंपैकी १००व्या लेव्हलच्याला समोरचा राक्षस १००चा दिसे, तर ११०व्याला तोच ११०चा. ‘चेनमेल’मध्ये चार म्हणजे सर्वांसाठी चार माणसे होती, इथे राक्षसाचा आकडा पाहणाऱ्यावर ठरू लागला. जानेवारी २०१८मध्ये जुन्या प्रदेशांनाही अशीच, पण ठरावीक मर्यादांत, व्यवस्था लावली गेली. २०२०ची काटछाट त्यानंतर सोपी होती, कारण १२० आणि ५० यांतला फरक जगाला आता फारसा जाणवणार नव्हता.

त्याआधीच, ऑगस्ट २०१९मध्ये, ‘वॉरक्राफ्ट क्लासिक’ सुरू झाला: पहिल्या एक्स्पान्शनपूर्वीचे जग, मर्यादा ६०, स्केलिंग नाही, आणि वर्गणी तीच. जून २०२१मध्ये त्यालाही ‘द बर्निंग क्रुसेड’ जोडले गेले, मर्यादा ७० झाली, आणि हेलफायर पेनिन्सुलात हिरव्या वस्तूंनी जांभळ्या शस्त्रांना पुन्हा मागे टाकले.