स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलगळती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधून तेल गळू लागले की दोष बहुधा झिजलेल्या सीलला दिला जातो. मात्र सील बदलूनही काही गाड्यांची गळती थांबत नाही. अमेरिकेतील या तेलाचा इतिहास पाहता गळतीचा विचार केवळ सीलपुरता मर्यादित ठेवता येत नाही, हे स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. या यंत्रात तेल हे केवळ वंगण नसते. ते शक्तीचे वहन करते, दाबाने क्लच चालविते आणि उष्णताही वाहून नेते. म्हणूनच कंपनीने १९४९ मध्ये 'टाइप ए' हे स्वतंत्र मानक ठरविले. १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' आले. क्लच धक्का न देता जुळावा, यासाठी या तेलात स्पर्म व्हेलचे तेल मिसळले जाई.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केला आणि पर्याय शोधणे भाग पडले. त्यानंतरच्या 'डेक्सरॉन-२' च्या आरंभीच्या सूत्रामुळे रेडिएटरमधील तेलशीतकाचा डाख गंजू लागला. ही गळती जमिनीवर दिसत नसे. तेल आणि पाणी एकत्र होऊन गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होई व पाण्यामुळे क्लचचे अस्तर निकामी होई. पुढे गंजरोधक द्रव्य मिसळून हे सूत्र सुधारण्यात आले.

दुरुस्तीची पद्धती :
तेलाला दिलेला लाल रंग गळती ओळखण्यास उपयोगी पडतो. तथापि वाऱ्याने तेल मागे पसरते. ओली जागा हेच उगमस्थान असेल असे नाही. म्हणून गिअरबॉक्स आधी स्वच्छ करून, गाडी चालवून मग शोध घ्यावा लागतो. ऑइल पॅनचे बोल्ट अति आवळल्यास पॅनची कड वाकते आणि नवे गॅस्केटही गळते. पुढील सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्या वेळी बुश झिजलेला असल्यास केवळ सील बदलणे व्यर्थ ठरते. तेलाची अतिरिक्त पातळी किंवा तुंबलेले हवाछिद्र हेही गळतीचे कारण असू शकते.

निष्कर्ष :
व्हेलच्या संरक्षणाचा निर्णय योग्यच होता. परंतु पर्यायी द्रव्याला क्लचबरोबरच धातूशी आणि सीलशीही जुळणे आवश्यक होते. जुन्या गाडीची गळती थांबविताना सुट्या भागाइतकेच तिच्या तेलाचे मानकही तपासले पाहिजे, हा या इतिहासाचा बोध होय.