‘याला ठाण्याला पाठवा!’ : एका विनोदाचा इतिहास

१/६
‘याला ठाण्याला पाठवा!’ हा विनोद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यातले ‘ठाणे’ म्हणजे तिथले वेड्यांचे इस्पितळ. समाजमाध्यमांच्या आहारी गेलेला ठाणे-डोंबिवलीचा तरुण आज मदत मागायला कचरतो. त्या संकोचाचे एक मूळ या विनोदात आहे.

२/६
ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. त्यानंतर आलेल्या १९१२ च्या कायद्याचे नावच ‘लूनसी ॲक्ट’, म्हणजे वेडेपणाचा कायदा. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणसाला इस्पितळात दाखल करण्याची त्यात तरतूद होती. उपचाराच्या वाटेवर न्यायालय उभे राहिले की आजारालाही गुन्ह्याची कळा येते.

३/६
ही कळा पुसण्याचे प्रयत्न पुढे महाराष्ट्रातच झाले. १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नव्हे, ही जाणीव तिथून रुजली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापली. संस्थेच्या नावात आजार नव्हता, आरोग्य होते.

४/६
दरम्यान व्यसनाचे साधन पालटले. २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाईक’चे बटण आले. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये पत्ते, भजन आणि वर्तमानपत्र यांच्या जोडीला खाली वळलेल्या माना आल्या. पुढच्या खेपेला काय दिसेल हे अनिश्चित असते, म्हणूनच बोट थांबत नाही. जुगाराची ओढही अशीच असते.

५/६
२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत ‘गेमिंग’चा विकार आहे, समाजमाध्यमांचे व्यसन स्वतंत्र आजार म्हणून नाही. कारण आणि परिणाम इथे गुंतलेले आहेत : अतिवापराने झोप उडते, इतरांशी तुलना वाढते, आणि आधीच खिन्न असलेले मनही फोनकडेच धावते. तरीही सूचीत नाव नाही म्हणून यातना खोटी ठरत नाही.

६/६
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा आहे. कायदा बदलला, संस्था उभ्या राहिल्या. तो जुना विनोद मात्र अजून कानावर पडतो. तो ऐकून हसणाऱ्यांत एखादा असा असतो, ज्याला आज खरोखरच कुणाशी तरी बोलायचे असते.