पश्मिन्याच्या वाटेवरचा सेनापती

शालीचं कौतुक आम्हा कवींना फार. सत्काराला शाल-श्रीफळ मिळतं ते निराळं. पण अंगठीतून आरपार निघणाऱ्या पश्मिन्यावर ओळी रचताना तिच्यापायी माणसं गोठून मेली हे मनात येत नाही. जोरावरसिंहाची कहाणी वाचताना मला हे सारखं जाणवत राहिलं.

जोरावरसिंह मूळचा कहलूरचा. जम्मूच्या गुलाबसिंहाच्या पदरी तो किश्तवाडचा कारभारी झाला. गुलाबसिंह स्वतः लाहोर दरबाराचा मांडलिक. १८३४ मध्ये जोरावरसिंह सुमारे पाच हजार सैन्य घेऊन सुरू खोऱ्यातून लडाखात उतरला. लेहच्या राजानं पन्नास हजार रुपये खंडणी आणि दरसाल वीस हजार देण्याचं कबूल केलं. पुढे लडाखात बंडं झाली, तीही त्यानं मोडली. १८४० मध्ये बाल्टिस्तानातलं स्कर्दू पडलं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर बकरीच्या अंगावर होतं. उत्तम लोकर पश्चिम तिबेटातून लेहमार्गे काश्मीरच्या मागांवर येई. लडाखात धुमाळी माजली आणि तो माल बुशहरकडे, इंग्रजांच्या बाजूला वळू लागला. लोकरीचं मूळच ताब्यात घ्यावं म्हणून १८४१ च्या उन्हाळ्यात जोरावरसिंह तिबेटात घुसला. रुदोक, गारतोक, मानसरोवर, तकलाकोट, सगळं झपाट्यानं हाती आलं.

या फौजेत डोगरे होते, किश्तवाडी होते, लडाखी बौद्ध होते, बाल्टी मुसलमान होते. स्कर्दूचा पराभूत राजा अहमद शाहही बरोबर होता. धर्माचा चष्मा लावून ही स्वारी वाचू पाहणाऱ्यानं तो आधी पुसून घ्यावा!

मग हिवाळा आला. बारा हजार फुटांहून अधिक उंची, मागच्या खिंडी बर्फानं बंद, सरपण नाही. शेकोटीसाठी शिपायांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले, असं कनिंगहॅम लिहितो. बोटं झडलेल्या हातांनी लढायचं तरी कसं? १२ डिसेंबर १८४१ रोजी तकलाकोटजवळ तोयो इथं जोरावरसिंहाच्या उजव्या खांद्याला गोळी लागली. त्यानं तलवार डाव्या हातात घेतली. तेवढ्यात एका तिबेटी स्वारानं त्याच्या छातीत भाला खुपसला.

फौज उधळली. थोडे लोक बर्फ तुडवत कुमाऊंत पोचले. अहमद शाह तिबेटी कैदेतच वारला. आणि ज्यांच्यावर तो चालून गेला, त्याच तिबेटी लोकांनी तोयोला जोरावरसिंहाची समाधी बांधली.

१८४२ मध्ये लेहच्या बाजूनं तह झाला. जुनी सीमा कायम राहिली, लोकर आणि चहाचा व्यापार पुन्हा लडाखमार्गे ठरला. चार वर्षांनी अमृतसरच्या तहानं इंग्रजांनी गुलाबसिंहाला पंचाहत्तर लाखांना काश्मीर दिलं. त्यांचं वर्चस्व मान्य केल्याची खूण म्हणून त्यानं दरवर्षी द्यायचं होतं ते असं: एक घोडा, शालीच्या लोकरीचे सहा बोकड, सहा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या.