ड्रिफ्ट ट्रकच्या डिफरन्शियलला लोक वेल्डिंग का मारतात? आणि ते कधी मारू नये?

रिकाम्या मैदानात एक जुनी पिकअप उभी आहे. ड्रायव्हर स्टिअरिंग वळवतो, क्लच सोडतो आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. मागून धूर निघतो, टायर किंचाळतो, पण गाडी काही आडवी होत नाही. थोडी घसरते आणि पुन्हा सरळ निघते. खाली उतरून बघितलं तर जमिनीवर टायरची एकच काळी रेघ. दुसऱ्या चाकाने कष्टच घेतलेले नाहीत.

इन्स्टाग्रामवर ड्रिफ्टचे जे रील्स फिरतात त्यात मात्र कायम दोन रेघा दिसतात. लोकांना वाटतं हा इंजिनच्या ताकदीचा खेळ आहे. पण एक रेघ की दोन, हे ठरतं मागच्या दोन चाकांच्या मधोमध लटकलेल्या त्या गोल लोखंडी डब्यात. अमेरिकेतले मेकॅनिक त्याला चक्क 'भोपळा' म्हणतात. त्या भोपळ्याच्या आत असतो डिफरन्शियल.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. ट्रकचं ड्रिफ्टिंग म्हटलं की अनेकांना केन ब्लॉकचा 'हूनीट्रक' आठवतो. २०१८ मध्ये 'जिमखाना टेन'मध्ये दिसलेली ती १९७७ ची फोर्ड एफ-१५०, ताकद ९१४ हॉर्सपॉवर. पण तिची चारही चाकं इंजिनवर फिरतात. अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये जे ड्रिफ्ट ट्रक बनतात ते बहुतेक साधे, फक्त मागच्या चाकांवर चालणारे असतात. जुनी फोर्ड रेंजर, टोयोटाची छोटी पिकअप, निसान हार्डबॉडी, शेव्हरोलेची एस-१०. म्हणून इथे उदाहरण घेतलंय ते १९८३ ते २०११ दरम्यान अमेरिकेत विकल्या गेलेल्या रेंजरचं.

डिफरन्शियल नेमकं करतो काय?

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळणावर एक चाक घासत राहणार. ते टाळण्यासाठी मधे छोटे स्पायडर गिअर बसवलेले असतात. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. रोजच्या वापराला हे उत्तम.

गडबड अशी की साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. ज्या चाकाची पकड कमी, त्याला जेवढा जोर पेलवेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. वळणावर गाडीचा भार बाहेर झुकतो, आतलं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरायला लागतं. बाहेरचं, चांगली पकड असलेलं चाक नुसतं बघत बसतं.

गावाकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. चिखलात ट्रॅक्टरचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं हलत नाही, तेव्हा पायाजवळचं डिफ लॉकचं पेडल दाबतात. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ते पेडल दाबलेलं असताना वळायचं नाही, हेही प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला माहीत असतं. ड्रिफ्ट ट्रकवाल्याला नेमकं तेच करायचं असतं. डिफ लॉक ठेवून वळायचं.

पिकअपचा प्रश्न कारपेक्षा वेगळा का?

एक म्हणजे मागचा हौदा रिकामा. इंजिन पुढे, केबिन पुढे, मागे फक्त पत्रा. त्यामुळे मागची चाकं सुटतात लवकर, पण सुटल्यावर ती कशी वागतील याचा अंदाज यायला हवा. डिफरन्शियल कधी लॉक, कधी अनलॉक होत राहिला तर हलक्या शेपटीच्या गाडीत तो झटका जास्त जाणवतो.

दुसरं म्हणजे पाटे. रेंजरच्या मागे अखंड ॲक्सल असतो आणि तो पाट्यांवर बांधलेला असतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल स्वतःभोवती पिळायचा प्रयत्न करतो आणि पाटे इंग्रजी 'एस'सारखे वाकतात. मग ते सुटून सरळ होतात, पुन्हा वाकतात. बाहेरून दिसतं ते एवढंच की मागची चाकं उड्या मारताहेत. प्रत्येक उडीबरोबर ॲक्सल शाफ्टवर हातोडा बसल्यासारखा मार बसतो. डिफरन्शियलवर खर्च केला आणि ॲक्सलला धरून ठेवणारा ट्रॅक्शन बार लावला नाही, तर तो खर्च फार दिवस टिकत नाही. इंटरनेटवर बहुतेक चर्चा डिफरन्शियलच्या ब्रँडवर होते, या दांड्यावर कोणी बोलत नाही.

वेल्डिंग: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त बदनाम

आतले स्पायडर गिअर एकमेकांना वेल्ड करून टाकायचे. झालं, दोन्ही चाकं कायमची एक. अमेरिकेत याला गमतीने 'लिंकन लॉकर' म्हणतात. लिंकन हा लॉकरचा नाही, वेल्डिंग मशिनचा ब्रँड आहे.

ड्रिफ्टसाठी याचा फायदा फक्त पैशांचा नाही. वेल्ड केलेला डिफ कायम एकसारखा वागतो. ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, हँडब्रेक ओढा, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात किंवा एकाच वेळी थांबतात. शिकणाऱ्याला गाडीचा स्वभाव लवकर कळतो.

मग बदनामी कशाची? बहुतेक वेळा वाईट वेल्डिंगची. गिअरचं पोलाद कडक केलेलं असतं. त्यावर वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. नीट न धुता, आधी गरम न करता वरवर दोन टाके मारले तर थंड होताना तिथेच तडा जातो. पुढे कधीतरी तुकडा सुटतो आणि क्राउन-पिनियनच्या दातांत अडकतो. वेगात असताना असं झालं तर मागची चाकं जाम होऊ शकतात. वेल्डिंगचे उडालेले बारीक गोळे साफ केले नाहीत तर ते तेलाबरोबर बेअरिंगमध्ये जातात. अर्थिंगचा चिमटा भलतीकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. म्हणून चिमटा डिफरन्शियलच्या सांगाड्यावरच लावायचा.

फोर्डच्या ॲक्सलमध्ये आणखी एक सापळा आहे. त्यातले ॲक्सल शाफ्ट आतून 'सी'च्या आकाराच्या क्लिपने अडकवलेले असतात आणि मधली आडवी पिन काढल्याशिवाय त्या क्लिपपर्यंत पोचता येत नाही. उत्साहाच्या भरात कोणी पिनच वेल्ड करून टाकली, तर शाफ्ट आत-बाहेर करायचा मार्ग बंद. बाहेरचं बेअरिंग बदलायचं झालं तरी ग्राइंडर घेऊन बसावं लागतं.

वेल्डिंगवर भरवसा नसेल तर मिनी स्पूल हा शहाणा पर्याय आहे. स्पायडर गिअर काढायचे आणि त्यांच्या जागी एक अखंड ठोकळा बसवायचा. परिणाम वेल्डिंगसारखाच, पण तडे जाण्याची भीती नाही आणि नको झाल्यावर जुने गिअर परत बसवता येतात. फुल स्पूलमध्ये अख्खा सांगाडाच बदलतात. तो जास्त मजबूत असतो, पण क्राउन-पिनियनमधलं अंतर नव्याने जुळवावं लागतं. हे काम मापाच्या डायल गेजशिवाय होत नाही.

तीच गाडी घेऊन रोज बाहेर जायचं असेल तर?

तर वेल्डिंग आणि स्पूल दोन्ही विसरा. पार्किंगमध्ये वळताना आतलं टायर 'कुच् कुच्' करत घासतं, एवढ्यावर भागत नाही. ओल्या रस्त्यावर, हलक्या शेपटीची पिकअप, दोन्ही चाकं जखडलेली. साध्या वळणावर पाय जरा जड पडला की मागचा भाग न सांगता निसटतो. ट्रॅकवर ज्या गुणासाठी हा सेटअप हवा असतो, तोच गुण रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या जिवावर उठतो.

इथे प्लेटवाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी कामाला येतो. त्यात क्लचसारख्या प्लेटांचा थर असतो. जोर पडला की प्लेट एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं जवळपास एक होतात. वळताना जोर कमी असेल तर प्लेट थोड्या घसरतात आणि गाडी सभ्यपणे वळते.

यात वन-वे, वन-पॉइंट-फाइव्ह आणि टू-वे असे प्रकार मिळतात. वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर लॉक होतो. टू-वे पाय काढल्यावरही तेवढाच लॉक राहतो. वन-पॉइंट-फाइव्ह मधला: पाय काढल्यावर लॉक राहतो, पण कमी जोराने. ड्रिफ्टमध्ये पाय सतत खाली-वर होत असतो. एका बाजूचं वळण सोडून दुसऱ्या बाजूला गाडी फेकताना तर पाय पूर्ण सुटतो. नेमक्या त्या क्षणी वन-वे मोकळा होतो आणि गाडीचा स्वभाव बदलतो. म्हणून ड्रिफ्टवाले टू-वे मागतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीकडे जाणाऱ्यासाठी वन-पॉइंट-फाइव्ह पुरतो.

फोर्डचा कंपनीतून येणारा 'ट्रॅक-लॉक'सुद्धा प्लेटवालाच आहे. जुन्या गाडीतला मात्र बहुतेक वेळा झिजून ओपन डिफसारखाच झालेला असतो. चांगली गोष्ट अशी की नव्या प्लेट टाकून तो पुन्हा घट्ट करता येतो. प्लेटवाल्या डिफला फ्रिक्शन मॉडिफायर घातलेलं तेल लागतं, नाहीतर वळताना खडखडतो.

दाते एकमेकांत अडकून काम करणारा हेलिकल प्रकार, ज्याला लोक सरसकट 'टॉर्सन' म्हणतात, रस्त्यावर फार गोड चालतो. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं की तो जवळपास ओपन डिफसारखाच होतो. उड्या मारणाऱ्या पाट्यांच्या गाडीत हा सौदा पटणारा नाही.

थारमध्ये लॉकिंग डिफ असतोच की!

हा प्रश्न कॉमेंटमध्ये हमखास येतो. महिंद्रा थारच्या काही व्हेरिएंटमध्ये आणि बोलेरो निओच्या एन१० (ओ) मध्ये ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतो. पण तो चिखल-खड्ड्यांसाठी आहे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लॉक होतो आणि ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर लॉक होतच नाही. ड्रिफ्ट तर त्याच्या वरच्या वेगातच सुरू होतं. त्यामुळे 'डिफ लॉक आहे म्हणून थार ड्रिफ्ट होते' हे गणित चुकीचं. शिवाय उंच, कमी रुंदीची गाडी आडवी सरकताना चाक कशाला अडकलं तर ती घसरत नाही, उलटते. आणि सार्वजनिक रस्त्यावर हे केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, लागतंच.

आधी ॲक्सल बघा, मग डिफ

ओपन डिफमध्ये दोन्ही शाफ्ट सारखा भार वाटून घेतात. लॉक केल्यावर तसं राहत नाही. एक चाक हवेत आणि दुसऱ्याला अचानक पकड मिळाली, की सगळा जोर एकाच शाफ्टवर येतो. तो तुटला आणि सी-क्लिपवाला असला, तर तुकड्यासकट अख्खं चाक बाहेर निघू शकतं.

बऱ्याच रेंजरमध्ये ७.५ इंची क्राउनचा ॲक्सल असतो. चार सिलिंडरच्या मूळ इंजिनावर तो तग धरतो. इंजिन बदलून मोठं टाकलं तर नाही. म्हणून तिथले लोक भंगारातून १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची ॲक्सल आणतात. त्यात ३१ दात्यांचे जाड शाफ्ट आणि डिस्क ब्रेक मिळतात, चाकाचे पाच बोल्टही रेंजरशी जुळतात. पण तो सरळ बसत नाही. एक्सप्लोररमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात, रेंजरमध्ये वर. त्यामुळे पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि ते करताना पिनियनचा कोन बिघडवून चालत नाही. डिस्कच्या आत हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असतो, तो गाडी उभी ठेवण्यापुरता. ड्रिफ्टमध्ये चाकं झटक्यात जाम करायला हायड्रॉलिक हँडब्रेक वेगळा लावतात.

रेशो चुकला तर सगळं चुकलं

भोपळा उघडलाच आहे तर फायनल रेशोचाही विचार तेव्हाच करावा. ३.५५ आणि ४.१० हे आकडे छोटे वाटतात, पण फरक मोठा आहे. समजा टायरचा घेर २ मीटर, दुसऱ्या गिअरचा रेशो २.०५ आणि इंजिन ५,००० आरपीएमवर. ३.५५ वर चाकाचा वेग ताशी सुमारे ८२ किलोमीटर येतो, ४.१० वर सुमारे ७१. कमी ताकदीच्या इंजिनाला ४.१० मुळे चाक फिरवणं सोपं जातं, पण दुसरा गिअर लवकर संपतो. ताकदवान इंजिनाला ३.५५ किंवा ३.७३ बरा, म्हणजे ड्रिफ्टच्या मध्येच गिअर बदलावा लागत नाही.

जुन्या गाडीत नक्की काय बसलंय हे विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा तपासणं सोपं. पुढच्या चाकांना ओट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा ओपन, किंवा झिजलेला एलएसडी. हेलिकलही कधी कधी असंच फसवतो. त्याच दिशेने फिरलं तर आत लॉक किंवा एलएसडी आहे. दोन्ही सोबत फिरत असतील तर चाकाची एक फेरी होईपर्यंत प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते मोजा. चारपेक्षा किंचित जास्त झाल्या तर ४.१०.

सेटअप कोणताही असो, पहिल्या ट्रॅक दिवसानंतर तेल बदलायचंच. फोर्डच्या ८.८ ला सहसा तेल सोडायचा बोल्ट नसतो, मागचं झाकणच उघडावं लागतं. आयती तपासणीही होऊन जाते. तेलात चांदीसारखी बारीक चमक दिसली तर ती प्लेटांची किंवा नव्या गिअरची झीज. नखाएवढा तुकडा सापडला, तर तो कुठून आला हे कळेपर्यंत झाकण परत लावायचं नाही.