सागवानी एम. जी.

आमच्या बागच्या दुसऱ्या लेण्यात माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा एक ताम्रपट सापडला. विहाराच्या दुरुस्तीसाठी दान दिल्याची नोंद त्यात आहे. त्याच्या बडवाणी ताम्रपटावर 167 हे वर्ष आहे. ते गुप्त संवताचे धरले तर इ. स. 486-87 येते. म्हणजे पडझड झालेली वस्तू पुन्हा उभी करण्याचा विचार या वाघिणी नदीकाठी पंधराशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

मोटारगाडीवरच्या लेखात ताम्रपट कशाला, असे वाचक म्हणतील. कारण माझे इंदूरचे मावसभाऊ. त्यांच्या वडिलांनी घेतलेली एम. जी. टी. सी. ही दोन आसनी इंग्रजी गाडी त्यांनी दुरुस्तीला काढली आहे, आणि ती प्रदर्शनात पहिली आणायची असा त्यांचा हट्ट आहे. तिचा इतिहास लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डचे हे दुकान सेसिल किंबर यांच्या कल्पकतेने शर्यतीच्या गाड्यांसाठी नावाजले. कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी होता. तो 1980 मध्ये बंद पडला. महायुद्ध संपताच, 1945 च्या अखेरीस टी. सी. बाहेर आली आणि 1949 पर्यंत सुमारे 10,000 गाड्या निघाल्या. 1250 घनसेंटिमीटरचे इंजिन, एकोणीस इंची तारांची चाके, आणि पत्र्याच्या आत ॲश झाडाच्या लाकडाचा सांगाडा. होय, लाकडाचा! ही गाडी दुरुस्त करायची तर फिटरइतकाच सुतारही लागतो.

तिच्या इंजिनातली एक गंमत मला फार आवडली. नटबोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, त्यांना पाना इंग्रजीच लागतो. पण आटे मात्र फ्रेंच मेट्रिक! पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रकंपनी कॉव्हेंट्रीला आली ती आपली यंत्रे घेऊन. 1923 मध्ये मॉरिसने तो कारखाना विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाने आटे पाडत राहिली आणि इंग्रज मिस्त्रीच्या हातातले पाने बदलू नयेत म्हणून डोकी इंग्रजी ठेवली गेली. बाजारातला साधा बोल्ट तिथे बसत नाही. दादांच्या मिस्त्रीने दोन बोल्टांचे आटे मारल्यावर हे शहाणपण आले. एका बोल्टात एवढा इतिहास असतो, हे मला ताम्रपट वाचणाऱ्यांनीही शिकवले नव्हते.

बक्षिसाची गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथे 1950 पासून गाड्यांचे प्रदर्शन भरते. सुरुवातीला तिथे नव्या गाड्यांचीच सरशी होई. 1955 मध्ये फिल हिल या तरुणाने 1931 ची पियर्स-ॲरो दुरुस्त करून पहिला मान मिळवला. हाच हिल पुढे 1961 साली फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, आणि त्याची शर्यतीची सुरुवात टी. सी.वरच झाली होती. त्यानंतर जुनी गाडी नव्याहून नवी करण्याची चढाओढ लागली. कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी चकाकी, इतके निर्दोष शिवणकाम! माझ्या मते ती दुरुस्ती नव्हे, ती जुन्या नावाने बांधलेली नवी गाडी.

दादांचाही बेत तोच होता. सगळा रंग खरवडायचा, सांगाडा विलायतेहून नवा मागवायचा. अडचण निघाली ती डाव्या दाराच्या खांबाशी. तो ॲशचा नव्हता, सागवानाचा होता. आयातीवर बंधने होती त्या काळात मावशीच्या यजमानांनी इंदूरच्या सुताराकडून तो करून घेतला होता. परीक्षकांच्या लेखी तो दोष ठरणार.

मी दादांना लेण्यांत घेऊन आलो. इथला खडक ठिसूळ, वरचे छत जड. मूळचे कित्येक खांब विरून गेले. आता जागोजागी नवे खांब आहेत, आणि ते नवे म्हणून ओळखू येतात. रंगमहाल म्हणतात त्या चौथ्या लेण्यातली चित्रे संस्थानी काळात नकलून घेतली गेली. तेव्हा बाग ग्वाल्हेर संस्थानात होते आणि पुरातत्त्व खाते मो. ब. गर्दे यांच्याकडे होते. 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर इथे आले. नकला करणाऱ्यांत भोसले, आपटे, भांड, जगताप ही आपली नावेही आहेत. 1927 च्या लंडनच्या ग्रंथात ती चित्रे छापली गेली. पुढे 1982 पासून उरलेली मूळ चित्रे भिंतींवरून सोडवण्यात आली. चित्रकारांनी भिंतीवर नवा रंग चढवला नाही, नक्कल वेगळ्या कागदावर केली, एवढेच मी दादांना दाखवले.

"अरे, पण लेणी कुठे, मोटार कुठे!" दादा म्हणाले.

तसे ते फार लांब नाही. नवा भाग मूळ भागापासून ओळखू यावा, हे वास्तूंसाठी 1964 च्या व्हेनिस सनदेने सांगितले. तिच्याच आधाराने जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने तुरीन सनद केली. 2024 मध्ये पेबल बीचचा सर्वोच्च मान प्रथमच मूळ स्थितीत जपलेल्या गाडीला, 1934 च्या बुगाटीला मिळाला. आपल्या केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांतही पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये.

इंजिन उघडले, ब्रेक बदलले. जिवाशी खेळ नको, त्यात वाद नाही. कुजलेल्या दोन तुळ्या नव्या घातल्या आणि त्यांच्या आतल्या बाजूला सन कोरून घेतला. रंग जिथे टिकला होता तिथे फक्त धुऊन पुसला. पदक मिळेलच याची खात्री दादांना राहिलेली नाही, आणि वहिनी त्यावरून अजून चिडवतात. परीक्षकांना द्यायच्या कागदात डाव्या खांबापुढे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतले: लाकूड सागवान, काम इंदूरचे.