संदर्भ : नावाचे लेखन आणि नावाचा मान

नवी दिल्ली : कागदपत्रांतील नावाच्या लेखनात किरकोळ तफावत आहे, एवढ्याच कारणावरून कोणालाही परकीय ठरवता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी आसाममधील एका प्रकरणात दिला. संबंधित व्यक्तीला न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये परकीय घोषित केले होते. एकच नाव इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत वेगवेगळे लिहिले जाणे, उच्चाराच्या सवयींनुसार त्याची अक्षरे बदलणे, हे देशात सर्वत्र आढळते, याची नोंद न्यायालयाने निकालात घेतली.

या तफावतीचे मूळ बहुतांशी रोमन लिपीत आहे. त आणि ट, द आणि ड यांसाठी तीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. दक्षिणेत त्यावर तोडगा म्हणून ‘त’साठी ‘टी’पुढे ‘एच’ जोडतात. उत्तरेत हीच जोडी ‘थ’ची असते. परिणामी तमिळनाडूतील सविता मराठी वृत्तपत्रात ‘सविथा’ होऊन अवतरते. तमिळ व मल्याळममधील एका खास ध्वनीसाठी ‘झेड’ आणि ‘एच’ ही अक्षरे वापरली जातात. आपल्याकडे त्यांचा सरळ ‘झ’ केला जातो. वास्तविक त्या ध्वनीला सर्वांत जवळचे अक्षर ‘ळ’, आणि ते मराठीपाशी आहे. तरीही कनिमोळी यांचे ‘कनिमोझी’ होते, हे विशेष.

पूर्वेकडे नाव इंग्रजीत शिरताना त्याचे रूपच पालटले. कोलकात्यातील बंगाली दैनिके पश्चिम बंगालच्या नेत्या ममता यांचे आडनाव ‘बंद्योपाध्याय’ असे छापतात. उर्वरित देशासाठी त्या ‘बॅनर्जी’ आहेत. मुखोपाध्याय-मुखर्जी, चट्टोपाध्याय-चॅटर्जी, ठाकूर-टागोर या जोड्याही तशाच. दोन्ही रूपे रूढ असल्याने येथे चूक कोणतेच नाही. मात्र एका बातमीत एकच रूप असावे. आसामचे हिमंत विश्व शर्मा असमियात नेमके याच अक्षरांनी लिहिले जातात. असमिया उच्चारानुसार केलेले इंग्रजी लेखन पुन्हा देवनागरीत उतरवल्यामुळे मराठीत ते ‘हिमंता बिस्वा सरमा’ झाले. ओडिशातील ‘पट्टनायक’ आपल्याकडे ‘पटनायक’ होतात, तेही इंग्रजीच्याच वाटेने.

काही बदल नावाच्या धनी व्यक्तीनेच केलेले असतात. जयललिता यांनी इंग्रजी नावाच्या अखेरीस आणखी एक ‘ए’ जोडला. बी. एस. येडियुरप्पा यांनी २००७ मध्ये बदललेले इंग्रजी लेखन २०१९ मध्ये पूर्ववत केले. अंकज्योतिषाचा हा खटाटोप रोमन लिपीपुरताच असल्याने देवनागरीला त्याची झळ पोहोचत नाही. मात्र आपल्या नावावर व्यक्तीचा अधिकार असतो आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांसंबंधीच्या निकालात मान्य केले आहे.

नावाच्या क्रमातही फसगत होते. विश्वनाथन आनंद यांच्या नावातील विश्वनाथन हे वडिलांचे नाव. ‘विश्वनाथन यांनी डाव जिंकला’ असे लिहिल्यास विजय पित्याच्या खात्यावर जमा होतो. एम. के. स्टॅलिन यांच्या आद्याक्षरांतील ‘के’ म्हणजे करुणानिधी, तेही वडीलच. तेलुगू प्रथेत मात्र घराण्याचे नाव आरंभी येते : पी. व्ही. नरसिंह राव यांच्यातील ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदीत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम आहे.

आदरवाचक शब्दांचा प्रश्न याहून नाजूक. गुजरातीतील ‘भाई’ आणि ‘बेन’ बहुधा नावाशी एकजीव झालेले असतात. ‘आनंदीबेन’मधून ‘बेन’ वगळता येत नाही. तेलुगूतील ‘गारू’ किंवा तमिळमधील ‘तिरु’ हे मात्र आपल्या ‘श्री’सारखे संबोधन होय, ते नावाचा भाग समजून छापू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने सेनाविषयक व विद्याविषयक मानविशेष वगळता राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली आहे. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नव्हेत, म्हणूनच ते नावाच्या मागे-पुढे लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तरीही निमंत्रणपत्रिकांतील ‘पद्मश्री अमुक’ काही थांबलेले नाहीत, आणि त्या पत्रिकांवरून बातम्या लिहिणाऱ्यांच्या मजकुरातूनही नाहीत. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या कार्यकाळात, २०१२ मध्ये, राष्ट्रपती भवनाने देशांतर्गत समारंभांसाठी ‘महामहिम’ हे संबोधन बाजूला ठेवले.

मानाचा शब्द राहून गेल्याची किंमत मात्र काही वेळा मोजावी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने पंतप्रधानांच्या कार्यक्रमाचा उल्लेख ‘माननीय’ किंवा ‘श्री’ न लावता, केवळ ‘मोदी कार्यक्रम’ असा केला. त्याचे सात दिवसांचे वेतन कापण्याचा आदेश निघाला. खुद्द पंतप्रधानांनी नापसंती व्यक्त केल्यानंतर दलाने तो मागे घेतला.