नळीतली रिकामी जागा : दाब आणि वेग यांची गोष्ट

भिलाईजवळच्या उतई येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील जवानाच्या रायफलीत काडतुसातील दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्यात नळीतील दाब तीन हजार वातावरणांच्या पलीकडे चढतो आणि उतरतोही. हा दाब डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो केवळ गोळीचा वेग. मग वेगावरून दाब ओळखता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास पावणेतीनशे वर्षांहून जुना आहे.

१७४२ साली इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सने तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दारूच्या वायूचा दाब सुमारे एक हजार वातावरण असावा, असे त्याने प्रयोगांवरून ठरवले. गोळी हलण्यापूर्वीच सगळी दारू जळून जाते, असे गृहीत धरून त्याने वेगाचे गणित मांडले. लाकडी फळी टांगलेल्या लंबकावर गोळ्या झाडून त्याने तो वेग मोजलाही. गणित आणि मोजमाप यांचा मेळ उत्तम बसला. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला.

परंतु मेळ बसला म्हणजे सिद्धान्त खरा ठरला, असे नव्हते. १८७५ साली अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी पोलादी बंद पात्रात दारू जाळली आणि तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपतो यावरून दाब मोजला. पात्र दारूने पूर्ण भरलेले असता तो सहा हजार वातावरणांहून अधिक भरला. रॉबिन्सने दाब फार कमी धरला होता आणि ज्वलन फार शीघ्र मानले होते. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले होते.

ज्वलनाचे मर्म पुढे फ्रान्सच्या पॉल व्हिएलने उकलले. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, आणि ती वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणूनच आरंभीची किंचितशी स्थितीही निर्णायक ठरते.

इथेच फ्रीबोअर येतो. काडतुसाच्या तोंडापुढे, नळीतील आटे सुरू होण्यापूर्वी जो गुळगुळीत भाग असतो, तो म्हणजे फ्रीबोअर. गोळी आट्यांना टेकलेली असेल, तर तिला पहिल्याच क्षणी धातूत खाचा पाडून घ्याव्या लागतात. ती अडते, वायूला जागा मिळत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. पुढे काही मिलिमीटर मोकळे असतील, तर गोळी आधी सरकते, वायूचे आकारमान वाढते आणि दाबाचे शिखर खाली येते. त्याच दारूत वेगही घटतो, परंतु प्रमाणाने कमी. कारण गोळीला मिळणारी ऊर्जा दाब आणि अंतर यांच्या आलेखाखालील क्षेत्रफळावर ठरते, शिखराच्या उंचीवर नव्हे.

अमेरिकेतील रॉय वेदरबी यांनी १९४५ पासून आपल्या खास घडवलेल्या रायफलींत याच गुणाचा उपयोग केला. लांब फ्रीबोअरमुळे शिखर खाली आले. त्या सवलतीत अधिक दारू बसवून त्यांनी मोठा वेग साधला. त्याच काडतुसासाठी आखूड फ्रीबोअरची नळी घेतली, तर तीच दारू धोक्याची ठरू शकते.

महाराष्ट्राशीही या विद्येचे नाते आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथेच १९५२ साली शस्त्रास्त्रांच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली. आज ती गिरिनगरला आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरडीईने ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल विकसित केली.

विद्यार्थिमित्रांनो, क्षेत्रफळ कळले म्हणून शिखराची उंची कळत नाही. दोन वेगळ्या आलेखांखालचे क्षेत्रफळ सारखे असू शकते आणि त्यांपैकी एकाचे शिखर पोलादाच्या सहनशक्तीपलीकडचे असू शकते. केवळ वेग मोजून दाब सुरक्षित आहे असे मानणारा नेमबाज रॉबिन्सचीच चूक पुन्हा करतो. फरक एवढाच की आता त्याचा गाल त्या नळीला टेकलेला असतो. जे जाणून घ्यायचे, तेच मोजावे. उत्तर जुळले म्हणून गृहीतक तपासायचे थांबू नये.